आपला बाब्या, त्यांचे कार्टे आणि पन्नास विधाने



गेल्या दिवाळीत आमच्या घरी फराळाला जमलेल्या मंडळींत एक वाद झाला आणि तो अर्धवटच राहिला. चकल्या संपल्या, कुणाला शेवटची गाडी गाठायची होती, सगळे उठले. त्या वेळी माझ्याकडे उत्तरे नव्हती, नुसती चिडचिड होती. मधल्या काळात बरेच वाचून झाले. चिडचिड मात्र तेवढीच आहे, म्हणून हे लिहिते आहे.

प्रसंग असा. माझा मुलगा तेव्हा १४ वर्षांचा, आइंडहोव्हनजवळच्या एका शाळेत. एके दिवशी मेंटॉरच्या तासाला वर्गातल्या सर्वांना लॅपटॉपवर एक प्रश्नावली भरायला दिली. पालकांना त्याआधी ईमेल आला होता: हरकत असल्यास कळवावे, न कळवल्यास संमती आहे असे धरले जाईल. सहल, सायकलींची तपासणी, पालकसभा असल्या डच ईमेलांच्या ढिगात तो पडून राहिला. मी उघडलाच नाही. हा दोष माझा, कबूल.

प्रश्नावलीत सुरुवातीला झोप, जेवण, मित्र, अभ्यास असे नेहमीचे प्रश्न होते. पुढे विधाने सुरू झाली. तुला सहज खोटे बोलता येते का, गोड बोलून लोकांकडून हवे ते करून घेता येते का, दुसऱ्याला रडताना पाहून काही वाटते का, नियम पाळायचा कंटाळा येतो का, अशा आशयाची. माझा मुलगा आणि त्याचा जिवलग मित्र शेजारी शेजारी बसलेले. मित्राला इथे 'य' म्हणू. त्याचे आजोबा मोरोक्कोहून कारखान्यात कामाला आले, आईचा जन्म इथलाच, आणि त्याचे डच माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगले. दोघांनी पैज लावली की जास्त खलनायक कोण ठरतो. प्रत्येक विधानापुढे 'अगदी लागू पडते' दाबत सुटले आणि हसून हसून लाल झाले.

तीन आठवड्यांनी 'य'च्या आईला शाळेत बोलावणे आले. 'काळजी करण्याजोगे संकेत' दिसले होते म्हणे. आम्हाला बोलावणे नाही. मुलाने घरी येऊन सगळे सांगितले तेव्हा मी स्वतःहून शाळेत गेले आणि म्हटले, माझ्या मुलाने हीच उत्तरे दिली आहेत, मलाही बोलवा. समोरच्या बाई हसल्या. तुमच्या मुलाने थट्टा केली हे आम्हाला लगेच कळले, म्हणाल्या. मग 'य'च्या बाबतीत का नाही कळले? तर तिथे 'एकूण चित्र' पाहिले होते. एकूण चित्र म्हणजे काय, हे खोदून विचारल्यावर कळले की त्याच्या मोठ्या भावाचे नाव एकदा पोलिसांच्या वहीत गेले होते. फटाक्यांवरून.

हे मी फराळाच्या वेळी सांगितले. आमचे एक डॉक्टर मित्र म्हणाले, "अगं, पण लवकर कळलेलं बरंच ना? बीपी मोजतो तसंच आहे हे." दुसरे म्हणाले, "तुमच्या मुलाला काही झालं नाही ना? मग तू कशाला मधे पडतेस?" आणि तिसरा आवाज, जरा खालच्या पट्टीत, "त्यांच्यात जरा असतंच ते." ही तिन्ही माणसे महाराष्ट्रात असताना चळवळीत होती, आणि आजही कुणी विचारले तर स्वतःला पुरोगामीच म्हणवतील.

आधी डॉक्टरांना उत्तर देते, कारण त्यांचा मुद्दा खरा आहे असे निदान दिसते तरी.

शाळेतली विधाने नेमकी कुठून उचलली हे मला कुणी सांगितले नाही, पण त्यांचे कुळ ओळखू येते. सायकोपथी मोजायचे प्रौढांसाठीचे प्रसिद्ध साधन म्हणजे कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांची यादी. तिच्यात २० बाबी, प्रत्येकीला शून्य ते दोन गुण, एकूण ४०. ती भरायची ती प्रशिक्षित तज्ज्ञाने, दीर्घ मुलाखत घेऊन आणि माणसाची कागदपत्रे वाचून. २००३ साली तिची किशोरवयीनांसाठीची आवृत्ती आली. पण हे काम वेळखाऊ आणि महागडे. हजार मुलांची कशी घेणार? म्हणून मुलांनाच विचारा, अशी युक्ती निघाली. स्वीडनच्या हेन्रिक आंदेर्शेद आणि सहकाऱ्यांनी ५० विधानांची प्रश्नावली तयार केली: दहा गुणविशेष, प्रत्येकाची पाच विधाने, चार पर्याय. तिची माहिती देणारा लेख २००२ साली एका ग्रंथात छापला गेला आणि तो ग्रंथ निघाला कुठून, तर आपल्या इथल्या द हेगहून. पुढे ॲम्स्टरडॅमच्या योस्ट फान बार्डवाइक आणि सहकाऱ्यांनी २००८ साली तिची ९ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आवृत्ती काढली, आणि २०१० साली १८ विधानांची संक्षिप्त आवृत्ती. नऊ वर्षांचे मूल! आमच्याकडे नऊ वर्षांच्या मुलाला अजून सायकलवरून रस्ता एकट्याने ओलांडू द्यावा की नाही यावर घरात भांडणे होतात.

आता खोटारड्याला 'तू खोटारडा आहेस का' असे विचारून काय मिळणार, ही शंका तुम्हाला आली असेल. ती या संशोधकांनाही आली होती आणि त्यांनी काढलेला तोडगा हुशारीचा आहे. विधाने अशी रचायची की ज्याच्यात तो गुण आहे त्याला ती निंदा वाटू नये, उलट कौतुक किंवा निदान साधी गोष्ट वाटावी. मग तो बिनदिक्कत होय म्हणेल. छान. पण कौतुक कशाचे वाटते, हे घराघरावर अवलंबून असते त्याचे काय? या देशाचा मंत्र 'दू नोरमाल', म्हणजे जरा साधे वागा, वेगळेपणा मिरवू नका. इथला मुलगा 'मी इतरांपेक्षा सरस आहे' या आशयाच्या वाक्याला लाजून नाही म्हणेल. आमच्या घरात पहिलीपासून पहिला नंबर, ऑलिम्पियाड, शेजारच्यापेक्षा दोन टक्के जास्त, हाच पाळणा गायला गेला आहे. आमचा मुलगा त्याच वाक्याला होय म्हणेल. 'मुलगा असून रडतोस काय' हे वाक्य ज्याने शंभरदा ऐकले तो भावना दाखवण्याच्या विधानांना काय उत्तर देईल? २०११ साली इथे कोठडीतल्या डच आणि मोरोक्कन वंशाच्या मुलांवर हीच प्रश्नावली वापरून एक अभ्यास झाला. दोन्ही गटांत उत्तरांची तीन घटकांची मांडणी सारखीच बसते असे त्यात दिसले. ठीक. पण मांडणी सारखी बसणे म्हणजे एका मुलाचे ३ आणि दुसऱ्याचे ३ यांचा अर्थ एकच असणे, असे नव्हे.

मी पोटासाठी मोजमापाचेच काम करते. चिपच्या तबकडीवर नॅनोमीटरांत चूक शोधायची, हा माझा धंदा. आमच्याकडे कोणतेही मापनयंत्र आले की पहिले तीन प्रश्न ठरलेले: पुन्हा मोजले तर तोच आकडा येतो का, कोणत्या मानकाशी ताडून पाहिले, आणि चुकीची मर्यादा किती. बीपीचे यंत्र या तिन्हींना उत्तर देते. डॉक्टर, तुमची उपमा इथेच पडते. १४ वर्षांच्या मुलाच्या 'सायकोपथी'चे मानक कुठे ठेवले आहे? आणि मोजायची वस्तू तरी जागेवर आहे का? आवेग, बेफिकिरी, थरार शोधणे, स्वतःला शहाणे समजणे: या यादीतले निम्मे गुणविशेष म्हणजे चौदावे वर्ष. सीग्रेव्ह आणि ग्रिसो यांनी २००२ सालीच बजावले होते की या वयात जे तात्पुरते असते ते कायमचे समजले जाण्याचा धोका आहे.

आकड्यांवर या म्हणणाऱ्यांसाठी आकडा देते. लायनम आणि सहकाऱ्यांनी २००७ साली पिट्सबर्गच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेराव्या वर्षीचे गुण आणि चोविसाव्या वर्षीचे गुण यांच्यात सहसंबंध निघाला ०.३१. त्यात तेराव्या वर्षीची प्रश्नावली मुलांनी नव्हे, त्यांच्या आयांनी भरली होती. हा अभ्यास 'लहानपणीच कळते' या बाजूने नेहमी पुढे केला जातो. ०.३१ चा वर्ग करा. जेमतेम एक दशांश. उरलेल्या नऊ दशांशांत मुलाचे सगळे आयुष्य येते. आमच्या कारखान्यात असा गेज मी परत पाठवला असता.

आणि समजा प्रश्नावली याहून खूपच चांगली आहे. निव्वळ हिशेबासाठी धरू की १,००० मुलांत खरोखर गंभीर आणि टिकणारा प्रश्न असलेली १० मुले आहेत, आणि प्रश्नावली दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे. दहांपैकी आठ सापडतील. उरलेल्या ९९० पैकी १९८ निष्पाप मुलांवरही लाल खूण पडेल. म्हणजे २०६ मुलांच्या आयांना शाळेत बोलावणे जाईल आणि त्यांतल्या ८ जणींच्या बाबतीत ते बरोबर असेल. शेकडा चारसुद्धा नाही. हे सगळे आपल्यापैकी निम्म्यांनी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी शिकलेले आहे. मुलांचा विषय आला की मात्र आपण ते विसरतो, बहुधा मुले दुसऱ्याची असतात म्हणून.

मग २०६ मधून खरे आठ वेगळे कसे काढणार? तिथेच 'एकूण चित्र' येते. भाऊ कोण, मोहल्ला कोणता, आडनाव काय. आकडा स्वतः काही बोलत नाही, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत जे आधीपासून असते त्यावर तो शिक्का मारतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे ही म्हण आपल्या पूर्वजांनी कुठल्याही सहसंबंधाशिवाय काढली होती.

मी राईचा पर्वत करते आहे असे वाटत असेल तर या देशाचा अलीकडचा इतिहास आठवा. पोलिसांची 'प्रोकिड' नावाची पद्धत १२ वर्षांखालच्या मुलांची पोलिसांकडच्या नोंदींवरून पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत विभागणी करत असे. ॲम्स्टरडॅमने 'टॉप ४००' नावाने मुलांची यादी केली. यादीतल्या मुलांच्या आयांना काय सोसावे लागले ते निरित पेलेड यांच्या २०२२ च्या 'मुडर्स' या माहितीपटात आहे. मिळाला तर जरूर पाहा. नागरिकांची माहिती एकत्र करून फसवणुकीचा संशय काढणारी 'सिरी' ही सरकारी यंत्रणा द हेगच्या न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी मानवी हक्कांत बसत नाही म्हणून थांबवली. आणि बालसंगोपन भत्त्याचे प्रकरण तर आपण सगळ्यांनी इथे राहून पाहिले: नागरिकत्व कोणते हा मुद्दा कर खात्याच्या जोखमीच्या गणितात घातलेला होता, हजारो कुटुंबे कर्जात बुडाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. प्रत्येक वेळी सुरुवात सद्हेतूनेच झाली होती. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालेच असेल की लवकर कळलेले बरे.

आता तो खालच्या पट्टीतला आवाज. 'त्यांच्यात असतंच ते.'

हे वाक्य मराठीत म्हणताना जीभ अडखळायला हवी होती. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, हजेरी द्या. १८९७ च्या दुरुस्तीने चार वर्षांपासूनच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची सोय केली. १९११ पासून आपला मुंबई इलाखाही त्यात आला. पारधी, कैकाडी, भामटे, मांग-गारुडी. सोलापूरची सेटलमेंट आठवा. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण पोलिसांच्या डोक्यातून गेला का? लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आपण वाचले, हळहळलो, पुस्तके पेटीत घालून शिपोलला उतरलो. इथे कुणी 'मोरोक्कन मुले तशीच' म्हटले की आपण मान डोलावतो, कारण आपण नॉलेज मायग्रंट! ३० टक्के करसवलत घेऊन आलेलो. 'त्यांच्यात' आपण येत नाही, असा आपला गोड समज आहे. 'य'चे आजोबाही इथे सरकारने बोलावूनच आले होते.

दुसऱ्या मित्रांना, ज्यांना मी मधे का पडते असे वाटते, त्यांना एवढेच सांगते की उत्तरे दोघांची सारखीच होती. माझा मुलगा सुटला तो निर्दोष होता म्हणून नाही. उद्या त्याचा भाऊ फटाके उडवताना सापडला तर त्याचेही 'एकूण चित्र' तयार होईल.

डॉक्टरांचा खरा मुद्दा अजून शिल्लक आहे: खरोखर अडचणीत असलेल्या मुलाला मदत कशी पोचणार? मुले निर्दयपणे वागतात, प्राण्यांना छळतात, धाकट्यांना मारतात, हे मी नाकारत नाही. अशा घरांतल्या आया रात्र रात्र जागतात. पण त्यांना मदत करायला 'सायकोपथी' हा शब्द लागत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ ने मुलांच्या बाबतीत तो वापरलेला नाही. 'मर्यादित समाजाभिमुख भावना' असा शब्दप्रयोग केला आहे, आणि तोही वर्तन-विकाराचे निदान झालेल्या मुलापुरताच. शिवाय बजावले आहे की मुलाचे स्वतःचे म्हणणे पुरेसे नाही, त्याला दीर्घकाळ ओळखणाऱ्या इतरांचे म्हणणेही विचारात घेतले पाहिजे. म्हणजे नुसत्या प्रश्नावलीवर जायचे नाही, हे तुमच्याच पोथीत लिहिले आहे, डॉक्टर. आणि 'हे सुधारत नाहीत' हा जो समज या शब्दाला चिकटून येतो, तोही टिकत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा येथील केंद्रात अत्यंत हिंसक ठरलेल्या मुलांवर चिकाटीने उपचार झाले आणि नंतरची त्यांची हिंसा कमी झाल्याचे कॉल्डवेल यांच्या अभ्यासांत दिसते.

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर पुढच्या अंकात मला विज्ञानविरोधी ठरवणारी पत्रे येतील. संशोधन बंद करा असे मी म्हणत नाही. या देशात ते एकदा करून झाले आहे. १९७८ साली वाउटर बाउकहाउझन लायडनला प्राध्यापक झाले आणि गुन्हेगारीच्या जैविक-सामाजिक कारणांचा अभ्यास करू म्हणाले. वर्तमानपत्री स्तंभांतून त्यांच्यावर असे काही तुटून पडले लोक, की त्यांना शेवटी विद्यापीठ सोडावे लागले आणि ते जुन्या वस्तूंचा व्यापार करू लागले. तुटून पडणारे आपल्यासारखेच पुरोगामी होते. तो प्रकार मला लाजिरवाणा वाटतो. हजारो मुलांची निनावी उत्तरे घेऊन गटांबद्दल काही शिकायचे असेल तर खुशाल शिका. आंदेर्शेद यांच्या मूळ लेखाचे शीर्षकच मुळी उपचारासाठी न पाठवलेल्या, म्हणजे सामान्य, मुलांविषयी आहे. माझे भांडण तिथे सुरू होते जिथे निनावी उत्तराला नाव चिकटते आणि ते नाव शाळेच्या फाइलमध्ये जाते.

आणि हे फक्त हॉलंडचे दुखणे राहणार नाही. भारतात २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या १५ व्या कलमाने १६ ते १८ वर्षांच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याच्या मानसिक क्षमतेची प्राथमिक चाचपणी करायला सांगितले आहे. ती चाचपणी नाजूक आहे, जाणकारांशिवाय होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा '१७ वर्षांच्या मुलाला प्रौढ ठरवा' म्हणून आपल्या सगळ्यांच्या फोनवर संदेश फिरत होते. मीही एक पुढे पाठवला होता. जुलै २०२५ मध्ये बालन्याय मंडळाने पोलिसांची ती मागणी फेटाळली. अशा मंडळांपुढे उद्या कुणी वीस मिनिटांत भरून होणारी, स्वस्त, परदेशी, आकडा देणारी प्रश्नावली ठेवली तर ती नाकारायला किती जण धजतील? आणि तो आकडा कल्याणीनगरच्या मुलाला लागेल की पारध्याच्या पोराला, हे सांगायला मोजमाप यावे लागत नाही.

आता पुढे काय केले ते. 'य'च्या आईला आणि मला दोघींनाही असली पत्रे लिहायची सवय नव्हती. एका रविवारी तिच्या स्वयंपाकघरात बसून, पुदिन्याच्या चहाचे तीन पेले संपवून, आम्ही शाळेला डचमध्ये पत्र लिहिले. इथल्या माहिती संरक्षण कायद्याने, म्हणजे एव्हीजीने, १६ वर्षांखालच्या मुलाची साठवलेली माहिती पाहण्याचा आणि चुकीची असेल तर दुरुस्त करायला लावण्याचा हक्क पालकांना दिला आहे. आम्ही चार गोष्टी मागितल्या: प्रश्नावलीचे पूर्ण नाव, दोन्ही मुलांची कच्ची उत्तरे, ती कुणी वाचली, आणि 'एकूण चित्रा'त काय काय धरले.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. कच्ची उत्तरे नष्ट केली आहेत, असे कळले. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही. 'य'च्या आईशी झालेल्या बोलण्याची नोंद मात्र त्याच्या फाइलमध्ये राहील, कारण ती 'काळजीपोटी' केलेली आहे. म्हणजे पुरावा गेला आणि शिक्का राहिला. त्या एका नोंदीविरुद्ध आमचे दुसरे पत्र गेल्या सोमवारी गेले. ते दीड पानाचे आहे, व्याकरण 'य'ने तपासले आहे. ज्यांना आपल्या मुलांच्या शाळेला तसे पत्र लिहायचे असेल त्यांनी माझ्याकडून मागून घ्यावे. आणि शाळेचे ते 'न कळवल्यास संमती' वाले ईमेल कृपया उघडून पाहावेत.